फुलं आली, दसरा आला नाही

2023 सालचा ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सासवडजवळचं आमचं दहा गुंठ्यांचं वावर झेंडूनं असं पेटलं होतं की रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून फोटो काढत होते. मी बांधावर डोक्याला हात लावून बसले होते. पितृपक्ष चालू होता.

आदल्या वर्षी शेजारच्या अण्णांनी 1 ऑगस्टला रोपं लावली आणि दसऱ्याला चांगले पैसे केले. मी ती तारीख वहीत टिपून ठेवली आणि पुढच्या वर्षी नेमक्या त्याच दिवशी साडेतीन हजार रोपं लावून मोकळी झाले. 2022 चा दसरा 5 ऑक्टोबरला होता. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि दसरा गेला 24 ऑक्टोबरला. एकोणीस दिवस पुढे! झेंडू लावणीपासून साधारण 60-65 दिवसांत भरात येतो, त्याला अधिक महिन्याशी काही देणंघेणं नाही. मला असायला हवं होतं. कालनिर्णय स्वयंपाकघरातच टांगलेलं होतं, पण त्यावर मी दुधाचे खाडे तेवढे लिहीत होते.

"वहिनी, अधिक धरला नाही का?" अण्णांनी विचारलं. त्यांनी स्वतः ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात लावलं होतं. मला सांगितलं का नाही, असं विचारायची सोय नव्हती. मी त्यांना विचारलंच कुठं होतं!

झाडावरच राहू द्यायची फुलं, असं गावात दोघातिघांनी सुचवलं. तसं चालत नाही. उमललेलं फूल झाडावर राहिलं की झाड बी धरायला लागतं आणि पुढच्या कळ्या मंदावतात. म्हणजे फूल विकलं जावो न जावो, तोडायचं. चार बायका लावून तोडलं, क्रेट भरले, दिवे घाट उतरून पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात नेले. किलोला आठ रुपये मिळाले. मजुरी आणि टेम्पोचं भाडं त्यातून निघेना. दोन खेपांनंतर तोडलेली फुलं सरळ उकिरड्यावर टाकायला लागलो. दसऱ्याला फुलं होती, नाही असं नाही. पण पहिला बहर संपल्यावरची, लहान. अण्णांच्या टपोऱ्या फुलांशेजारी माझा क्रेट ठेवायची लाज वाटली.

तेव्हापासून मी लावणीची तारीख सणाच्या तारखेतून दिवस मागे मोजून काढते. आधी सण, मग 60-65 दिवस मागे, आणि तिथंही सगळी रोपं एकदम नाही, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं तीन टप्प्यांत. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, दसरा 20 ऑक्टोबरला येतो. गेल्या वर्षीची वही उघडण्याआधी हे लिहून ठेवा.

झेंडूच्या धक्क्यानंतर मी काडीच्या फुलांकडे वळले: गुलछडी, ग्लॅडिओलस, थोडं अ‍ॅस्टर. पॉलिहाऊस घाला, जरबेरा करा, कर्ज मिळतं, असं सांगणारे भेटतातच. पहिल्या दोन वर्षांत त्यांचं ऐकू नका. उघड्या रानातलं फूल विकता येत नाही तोवर छताखालचं विकता येईल असं मला तरी वाटत नाही.

गुलछडीचे कंद स्वस्त मिळाले म्हणून घेतले, ते निघाले सिंगलचे. सिंगल वाईट नाही. तिला वास सुरेख, हारवाले सुटी फुलं किलोनं घेतात. पण फुलदाणीसाठी काडी विकायची तर डबल लागते, आणि कंद हातात घेऊन नवख्याला फरक कळत नाही. कंद घ्यायच्या आधी विकणाऱ्याचं फुललेलं शेत बघून या. एप्रिल-मेमध्ये लावलेला कंद फुलायला तीन-चार महिने घेतो, तोवर चूक कळायचा मार्ग नाही.

ग्लॅडिओलसनं वेगळाच धडा दिला. काडी छान आली होती. खालच्या एकदोन कळ्यांना रंग दिसताच पहाटे कापली, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या आणि संध्याकाळी टेम्पोत आडव्या रचून ठेवल्या. सकाळी बाजारात कागद सोडला तर प्रत्येक काडीचा शेंडा काठीच्या मुठीसारखा वर वळलेला. आडवी ठेवली तरी ती काडी आकाशाकडेच वाढू बघते. व्यापाऱ्यानं एक जुडी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता खाली ठेवली. आता काड्या बादलीत उभ्याच जातात. बादलीही रोज घासायची. पाणी बुळबुळीत झालं की काडीचं तोंड बंद होतं आणि फूल पाण्यात उभं राहून सुकतं.

आणि सीताफळ! आमच्या पुरंदरात घरोघरी सीताफळं पिकत घातलेली असतात. गुच्छात भर म्हणून बाजारातून कार्नेशनची एक गड्डी आणली आणि रात्री त्याच खोलीत ठेवली. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो. सकाळी कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटलेल्या, डोळ्यांवर झोप आल्यासारख्या. त्या पुन्हा उघडल्या नाहीत.

ही सगळी नुकसानं एकीकडे आणि उधारी एकीकडे. लग्नसराईत एका डेकोरेटरनं तीन कार्यांची फुलं नेली. "ताई, कार्य झालं की लगेच" म्हणाला. चोवीस हजार अडकले. फोन केला की माणूस नेहमी मांडवातच असायचा. आता नियम एकच: निम्मे आधी, उरलेले गाडी भरताना. त्यानं गिऱ्हाईक तुटतं, तुटू द्या. त्याऐवजी मी पुण्यातल्या दोन सोसायट्या धरल्या आहेत. दर गुरुवारी घरटी एक जुडी, महिन्याचे पैसे आगाऊ. पितृपक्षातही लोकांना टेबलावर फूल चालतं, हे मला तिथं कळलं. सोळा घरांपासून सुरुवात केली. लावणीच्या आधी फोन करून किती जुड्या लागतील ते विचारते, आणि तेवढेच वाफे धरते, वर थोडे मोडतोडीसाठी.

मागच्या मार्गशीर्षात त्याच डेकोरेटरचा फोन आला. शंभर काड्या हव्या होत्या, दुसऱ्या दिवशीच. मी म्हटलं, आधी जुने पाठवा, मग नव्याचे निम्मे.

"बघतो ताई," म्हणाला.

काड्या मी गुरुवारच्या जुड्यांत घातल्या.