वेगाची किंमत : प्रोसेसरमधील फटी व त्यांची दुरुस्ती

पुण्यास विद्येचें माहेरघर म्हणण्याचा प्रघात जुना आहे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत तें महासंगणकांचेंहि माहेरघर झालें आहे. सी-डॅक ही संस्था सन १९८८ मध्यें स्थापन झाली, व डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तिनें १९९१ मध्यें येथें ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. पुढें २०१९ मध्यें पाषाण येथील आयसर संस्थेंत ‘परम ब्रह्म’ व २०२४ मध्यें खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठीं ‘परम रुद्र’ हीं यंत्रें आलीं. ह्या सर्वांचा प्राण म्हणजे प्रोसेसर नांवाची चिप. तशीच चिप आपल्या शाळेंतील संगणकांत व पालकांच्या खिशांतील फोनमध्येंहि असते. ह्या चिपांत एक दोष वर्षानुवर्षें कसा दडून राहिला, व तो काढण्यास काय करावें लागलें, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्रोसेसरची अडचण पाहूं. त्याच्या घड्याळाचे एका सेकंदांत अब्जावधि ठोके पडतात. परंतु मुख्य स्मृतींतून एखादा अंक आणावयाचा, तर शेंकडों ठोके वाट पाहावी लागते. हा वेळ वांचविण्यासाठीं दोन युक्त्या निघाल्या. पहिली, नुकतीच लागलेली माहिती ‘कॅश’ नांवाच्या लहानशा, जवळच्या स्मृतींत ठेवावयाची. दुसरी, पुढें कोणती आज्ञा येईल ह्याचा अंदाज बांधून तें काम आधींच करूं लागावयाचें, व अंदाज चुकल्यास केलेलें पुसून टाकावयाचें. ‘परम ८०००’ मधील ट्रान्सप्यूटर चिपांत अशा अंदाजाची सोय नव्हती. इंटेल कंपनीनें १९९५ मध्यें पेंटियम प्रो ह्या चिपेंत ती आणली, व त्यानंतर ती सर्वत्र रूढ होत गेली.

ह्या युक्तींत धोका कोठें आहे, तें दृष्टान्तानें समजेल. पुण्यांतील पेशवे दफ्तरांत जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात, हें पुष्कळांस ठाऊक असेल. अशा एखाद्या दफ्तरांत फार तत्पर कारकून आहे अशी कल्पना करा. एक लबाड मनुष्य त्यास म्हणतो, “गुप्त कागदावर जो अंक लिहिला असेल, त्या क्रमांकाचा साधा रुमाल मला द्या.” अधिकाऱ्याची परवानगी येण्यापूर्वींच कारकून गुप्त कागद उघडतो, त्यावर ७ हा अंक वाचतो, आणि सातवा रुमाल मेजावर आणून ठेवतो. इतक्यांत अधिकारी नकार देतो. कारकून गुप्त कागद परत कुलुपांत ठेवतो व एक अक्षरहि बोलत नाहीं. सातवा रुमाल मात्र मेजावरच राहतो. मग तो मनुष्य साधे रुमाल एकेक करून मागूं लागतो. इतर सर्व रुमाल आणावयास वेळ लागतो. सातवा मात्र तत्काळ हातीं पडतो. कोणीं कांहीं सांगितलें नाहीं, तरी गुपित फुटलें!

हें मेज म्हणजेच कॅश, व तो कारकून म्हणजे अंदाजानें पुढें धांवणारा प्रोसेसर. ३ जानेवारी २०१८ रोजीं हा दोष जगासमोर आला. गूगलमधील यान हॉर्न, पॉल कोचर, ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथील तंत्रविद्यापीठाचे संशोधक इत्यादिकांनीं तो शोधून काढला होता. वर सांगितलेल्या प्रकारास ‘मेल्टडाउन’ हें नांव मिळालें. दुसरा प्रकार ‘स्पेक्टर’. त्यांत कारकुनास मुद्दाम खोट्या संवयी लावून त्याचा अंदाज चुकविला जातो. पहिल्याचा मुख्य उपद्रव इंटेलच्या चिपांस झाला. दुसऱ्यांतून इंटेल, एएमडी व आर्म ह्यांपैकीं कोणीच सुटलें नाहीं.

चिप एकदां घडली कीं तिची रचना बदलतां येत नाहीं. म्हणून प्रथम आज्ञावलींतच भिंत घालण्यांत आली : संगणकाच्या मध्यवर्ती व्यवस्थेची स्मृति सामान्य कार्यक्रमांच्या दृष्टीआड करण्यांत आली. त्यानें मेल्टडाउनचें संकट टळलें, पण कित्येक कामें मंदावलीं. खरी दुरुस्ती नव्या चिपांतच होणें शक्य होतें. परवानगी नसेल, तर अंदाजानें चाललेल्या कामासहि खरा अंक पोंचूं द्यावयाचा नाहीं, हा नियम रचनेंतच घालण्यांत आला. २०१९ मध्यें आलेल्या इंटेलच्या ‘कॅस्केड लेक’ चिपांत ही सुधारणा होती, आणि आमच्या ‘परम ब्रह्म’मध्यें ह्याच पिढीच्या चिपा आहेत.

परंतु कथा येथें संपली नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें ‘डाउनफॉल’ नांवाचा नवा दोष उघडकीस आला, व त्यांत कॅस्केड लेकहि सांपडली. स्मृतींत विखुरलेले अंक एकत्र गोळा करण्याची जी जलद आज्ञा असते, तिच्यांतच ही फट होती. ती बुजविली असतां कांहीं विशिष्ट कामांवर ५० टक्क्यांपर्यंत अधिक भार पडूं शकतो, असें इंटेलनेंच सांगितलें. इंटेलच्या अगदीं अलीकडील रचनांत हा दोष नाहीं. स्पेक्टरचा समूळ नाश मात्र अद्याप झालेला नाहीं; चिप घडविणारा व कार्यक्रम लिहिणारा, दोघांसहि जागरूक राहावें लागतें.

ह्यांतून आपण काय घ्यावें? सी-डॅकनें ‘औम’ नांवाच्या ९६ गाभ्यांच्या प्रोसेसरची योजना जाहीर केली आहे, मद्रासच्या आय.आय.टी.नें ‘शक्ति’ हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह ह्या खुल्या आज्ञासंचावर रचले आहेत. उद्यां अशीं कामें आमच्या वाचकांपैकींच कोणी करील. त्यानें ‘हें यंत्र किती जलद चालतें?’ एवढेंच न विचारतां, ‘काम पुसून टाकल्यावर मागें काय खूण राहते?’ हेंहि विचारावें. जगांतील निष्णात अभियंत्यांकडून हा दुसरा प्रश्न वीस वर्षांहून अधिक काळ पुरतेपणीं विचारला गेला नाहीं. बैल गेल्यावर झोपा करण्याची पाळी त्यामुळेंच आली. पालकांस विनंती एवढीच कीं, फोन किंवा संगणक नवी दुरुस्ती बसविण्याची परवानगी मागूं लागला, तर ती पुढें ढकलूं नये. चिप बदलणें आपल्या हातीं नसलें, तरी तिच्यांतील फट झांकण्याचा तोच सर्वांत सोपा उपाय आहे.