बाहेरची फाईल पानास कशी जोडावी?

२०२३ साली छिंदवाडा जिल्ह्याचे विभाजन होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि आपले सौंसर त्यात गेले. आता अशी कल्पना करा की, एखाद्या शाळेच्या संकेतस्थळाची साठ पाने आहेत व प्रत्येकाच्या तळाशी जिल्ह्याच्या नावासह पत्ता लिहिलेला आहे. साठही ठिकाणी दुरुस्ती करणे आले. आणि त्यांतील दोनचार पाने हटकून राहून जावयाची! तोच पत्ता एका स्वतंत्र फाईलीत लिहून ती प्रत्येक पानास जोडली असती, तर एकदाच केलेला बदल सर्वत्र दिसला असता.

संकेतस्थळे घडविणाऱ्या पीएचपी या भाषेत ही सोय आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली ती प्रसिद्ध केली. आपण वाचतो तो मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीही याच भाषेत लिहिलेली आहे. फाईल जोडण्यासाठी तीत ‘इन्क्लूड’ आणि ‘रिक्वायर’ अशा दोन मुख्य आज्ञा आहेत. फाईल सापडली तर दोहोंचे कार्य सारखेच. भेद दिसतो तो ती न सापडल्यावर. ‘इन्क्लूड’ केवळ इशारा देऊन पुढे चालू लागते. ‘रिक्वायर’ तेथेच काम थांबविते. आम्हां कोंकणी माणसांना हा भेद स्वयंपाकघरात चटकन उमगतो. कोथिंबीर नसली तरी हुमण होते. नारळच नसेल तर चूल पेटविण्यात काय अर्थ?

तेव्हा निवड करताना विचारावयाचे ते एवढेच की, ही फाईल नसताना पान पुढे चालले तर कोणाचे नुकसान होईल काय? तळाचा पत्ता गळाला तर पान थोडे उघडेबोडके दिसेल, इतकेच. तेथे ‘इन्क्लूड’ पुरे. परंतु वार्षिक निकालाचे पान घ्या. पाहणाऱ्याची ओळख तपासून परक्यास परत पाठविणारी फाईल ‘इन्क्लूड’ने जोडलेली असली आणि ती चुकून पुसली गेली, तर पहारेकरी नाही आणि दार सताड उघडे! कोणाही मुलीचे गुण कोणीही पाहावेत. येथे ‘रिक्वायर’च हवे. पान बंद पडल्याबद्दल लोक कुरकुर करतील. खुशाल करू द्यावी.

या दोन्ही आज्ञांना ‘वन्स’ हे शेपूटही लावता येते. त्यायोगे एक फाईल एकदाच जोडली जाते. गुणांची बेरीज करणारे फंक्शन ज्या फाईलीत आहे ती दोन वाटांनी दोनदा आली, तर एकाच नावाची दोन फंक्शने पाहून पीएचपी काम बंद करते. म्हणून अशा फाईलींस ‘वन्स’ आवश्यक. पत्ता मात्र पानावर दोनदा हवा असेल तर ते लावू नये.

आणखी एक सावधगिरी. पाहणाऱ्याने पाठविलेले फाईलीचे नाव जसेच्या तसे या आज्ञांच्या हाती देऊ नये. इंटरनेटवरील परकी फाईल थेट जोडण्याची मुभा २००६ सालच्या ५.२ आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवलेली असते, हे खरे. तरी आपल्याच संगणकातील खासगी फाईल उघडी पडण्याचे भय उरतेच. जोडावयाच्या फाईलींची यादी आपणच आधी लिहून ठेवावी आणि यादीबाहेरचे नाव आल्यास ते सरळ नाकारावे.