पाहणाऱ्याचीही शिस्त असते

बुद्धिबळाच्या दूरस्थ सामन्यात खेळाडू आपापल्या घरी असतात, पट संगणकाच्या पडद्यावर असतो आणि प्रेक्षक गावोगावी विखुरलेले असतात. या सर्वांना जोडतो तो समालोचक. नवोदित प्रेक्षकाची दृष्टी त्याच्या शब्दांनी घडते. म्हणूनच पाहणे आणि त्यावर बोलणे या दोहोंची शिस्त विद्यार्थ्यांनी शिकणे आवश्यक आहे. २०२० चे ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाड हा त्याचा उत्तम वस्तुपाठ होय.

टाळेबंदीच्या त्या वर्षी प्रत्येक लढत सहा पटांवर होत असे : दोन पुरुष, दोन महिला, एक युवक व एक युवती. भारताचे कर्णधारपद नाशिकच्या विदित गुजराथी यांच्याकडे होते. संघातील नागपूरची दिव्या देशमुख तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. प्रत्येकास १५ मिनिटे आणि दर खेळीमागे ५ सेकंद मिळत. जोडणी तुटली तरी घड्याळ थांबत नसे.

२८ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूची जोडणी तुटली आणि निहाल सरीनविरुद्धचा डाव तो वेळेवर हरला. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले; त्या संघाने दुसरी फेरी खेळण्यास नकार दिला आणि भारत पुढे गेला. ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल आणि दिव्या यांचीच जोडणी तुटली व दोघेही वेळेवर हरले. भारताने अपील केले. इंटरनेटचा बिघाड अनेक देशांत पसरलेला असल्याने जागतिक महासंघाच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले.

दोन्ही प्रसंगांची कारणे वेगळी मानली गेली, हे खरे. तथापि प्रेक्षक म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारावा : अंतिम दिवशी आपल्याला जी हळहळ वाटली, ती दोन दिवसांपूर्वी आर्मेनियासाठी वाटली होती काय? ज्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असे येते, त्याला समालोचनाचा पहिला धडा तेथेच मिळतो.

दुसरा धडा पडद्याच्या कडेवरील पट्टीचा. संगणक कोणाची बाजू वरचढ आहे, हे त्या पट्टीवर क्षणात दाखवतो. ती पाहून आपण नामांकित खेळाडूलाही सहज ‘चुकला’ म्हणतो. परंतु खेळाडूला ती दिसत नाही. त्याच्यापुढे असतात मोहरी, सरकणारे घड्याळ आणि स्वतःचा विचार. चांगला समालोचक आधी त्या विचाराचा मागोवा घेतो, मग संगणकाचा निर्णय सांगतो.

घरी पालकांनी मुलांसह हा प्रयोग करून पाहावा. जुन्या सामन्याची नोंद घ्यावी, संगणकाचे मूल्यमापन झाकावे आणि प्रत्येक खेळीपूर्वी मुलाला विचारावे, ‘तू काय खेळला असतास, आणि का?’ उत्तर वहीत लिहून मगच प्रत्यक्ष खेळी उघडावी. अर्ध्या डावाची बाजू पांढऱ्याकडून, उरलेल्या डावाची काळ्याकडून मांडण्यास सांगावे.

दिव्या देशमुख पुढे जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. असे खेळाडू सर्वांच्याच घरी घडतील असे नाही. परंतु दुसऱ्याच्या अडचणीत त्याचा डाव त्याच्या बाजूने पाहणारा प्रेक्षक प्रत्येक घरी घडू शकतो.