अपचन का होते?

मुलांनो, कल्याण, डोंबिवली, ठाणे येथील घरांना लोकलची घाई नवी नाही. घड्याळाकडे पाहत चार घास कसेबसे गिळायचे आणि स्टेशनकडे धावायचे. रात्री उशिरा पोटभर जेवून लगेच आडवे व्हायचे. मग पोट जड होते, मळमळते, आंबट ढेकरा येतात, छातीत जळजळते. यालाच आपण अपचन म्हणतो. ते कसे होते, ते पाहू.

पचनाची सुरुवात तोंडातच होते. पोळीचा तुकडा दोन मिनिटे चावत राहा. तो गोड लागू लागेल. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाची शर्करा बनवू लागते. न चावता गिळलेल्या घासाबरोबर हवाही पोटात जाते, आणि मोठे तुकडे घुसळून बारीक करण्याचे काम जठराच्या स्नायूंवर पडते. अशा वेळी आपण धावलो, तर रक्ताचा मोठा वाटा पायांच्या स्नायूंकडे वळतो. बटाटावड्यातील तेलामुळे तर जठर आणखी सावकाश रिकामे होते.

जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. जठराला आतून श्लेष्म्याचे जाड अस्तर असते. अन्ननलिकेला तसे संरक्षण नसते. भरल्या पोटी आडवे झाल्यावर आम्ल वर सरकले, की छातीत जळजळते. असे वारंवार झाले, तर अन्ननलिकेला सूज येते.

मनाचाही पोटाशी संबंध आहे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली आणि त्याच्या जठराला पडलेले भोक कायमचे राहिले. त्यातून डॉ. विल्यम बोमाँट यांनी पचनक्रिया प्रत्यक्ष पाहिली. राग आणि भीती यांमुळे जठराच्या अस्तराचे रूप पालटते, अशी नोंद त्यांनी १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे.

खाण्याचा सोडा पाण्यातून घेतल्यास आम्लाशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, ढेकर येते आणि तेवढ्यापुरते बरे वाटते. मूळ कारण मात्र तसेच राहते. वरचेवर त्रास होत असेल, वजन घटत असेल किंवा शौचास काळे होत असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट घरी जरूर सांगा. मोठ्या माणसाच्या छातीत दाटून आले, घाम फुटला, दम लागला किंवा हात, जबडा दुखू लागला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा देत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. त्यांना ताबडतोब रुग्णालयात न्या.