शेड रंगवण्याआधी बल्ब बघा

काचेची शेड घरी रंगवायची म्हटलं की मंडळी आधी रंगाच्या बाटल्या मांडून बसतात. माझं सांगणं असं, की आधी त्या शेडमध्ये कोणता बल्ब आहे ते बघा. मी काचेवरचं रंगकाम शिकवते, त्यामुळे लोकांच्या बिघडलेल्या शेड माझ्याकडे येतात. पुष्कळदा रंग चांगला असतो, लावलेलाही नीट असतो, आणि तरी बल्बमुळे सगळ्यावर पाणी पडलेलं असतं.

आत्याच्या बैठकीतल्या गोल शेडचं असंच झालं. गणपतीच्या तोंडावर तिच्या नातवाने मोठ्या हौसेने तिला आतून केशरी रंग दिला. सॉल्व्हंटवाला, बाजारात कुठेही मिळणारा ग्लास कलर. २०१५ मध्ये उजाला योजना आली तेव्हा आत्याकडेही घरभर एलईडी लागले होते, पण बैठकीत तिने १०० वॉटचा जुना पिवळा बल्बच ठेवला होता. त्या उजेडाशिवाय तिला करमत नाही. गणपतीत माणसांचा राबता, दिवा संध्याकाळपासून चालू. रात्री तिचा फोन आला, "अगं, घरात उग्र वास सुटलाय, वायर जळतेय का ते येऊन बघ."

वायर शाबूत होती. शेड गार झाल्यावर उतरवली, तर मानेजवळचा रंग तपकिरी पडला होता आणि त्यावर पापडावर येतात तसे फोड आले होते. नख लावलं की खपली निघत होती. तळाचा भाग तापला नव्हता, पण तोही धुरकट दिसत होता, कारण श्रावणातल्या दमट हवेत असे रंग वाळताना बाष्प धरतात. नातू बिचारा हिरमुसला. त्याच्या हाताला सफाई होती, पण उष्णतेचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तारेच्या बल्बला दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज उष्णता होऊन बाहेर पडते. ती वर चढते आणि बंद शेडमध्ये मानेपाशी साठते. त्यामुळे रंगवायच्या शेडमध्ये एलईडीच हवा. ९ वॉटचा एलईडी साधारण ६० वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड देतो. त्याचंही बूड तापतं, म्हणून शेडला हवेसाठी भोकं असतील तर ती रंगाने बुजवू नका. हॅलोजनच्या दिव्याची काच रंगवण्याच्या तर भानगडीतच पडू नका. त्या कॅप्सूलचं तापमान २०० अंशांच्या पुढे जातं.

मग काच तपासा. ओलं बोट तिच्यावरून फिरवा. ओली जागा पारदर्शक झाली, तर ती घासून खरखरीत केलेली, फ्रॉस्टेड काच. पांढरीच राहिली तर दुधी काच. दुधी काचेच्या गुळगुळीत पृष्ठभागावरचा रंग पुढे पुसून काढता येतो. फ्रॉस्टेड बाजूला लावलेला रंग बारीक खाचांत शिरतो, मग कितीही घासा, सावली राहतेच. तिथे रंगवायचंच असेल तर गुळगुळीत बाजू निवडा. आणि आजीच्या घरातली जुनी हंडी असेल तर कृपा करून ब्रश खाली ठेवा. जुन्या निळ्या हंड्यांचा रंग वरून दिलेला नाही, काच वितळवतानाच तिच्यात कोबाल्ट मिसळलेला आहे. पांढऱ्या हंडीवर बाटलीतला निळा चढवून ती शोभा येत नाही, उलट हंडीचं मोल जातं. रंगीत उजेड हवा असेल तर रंगीत बल्ब लावा.

बल्बच्या छटेचाही विचार हवा. वॉर्म एलईडीच्या उजेडात निळा अंश मुळात कमी असतो. त्यावर निळी काच आली की उजेड मळकट आणि मंद होतो. निळ्या-हिरव्या शेडला कूल व्हाइट, केशरी-लाल शेडला वॉर्म, असं जमवा. गडद रंग बराच उजेड खातो, म्हणून अभ्यासाच्या टेबलावरची शेड रंगवू नये या मताची मी आहे.

प्रत्यक्ष काम करताना एमसीबी खाली पाडूनच शेड उतरवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असलं तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट राहतो. काच भांड्याच्या साबणाने धुवा, वाळल्यावर स्पिरिटने पुसा आणि मग तिला कडेनेच धरा, कारण बोटाच्या तेलकट ठशावर रंग धरत नाही. ब्रशपेक्षा स्पंजच्या तुकड्याने टिपत टिपत दोन पातळ हात द्या. दिवसा एकसारखा दिसणारा रंग दिवा लागला की ब्रशचा प्रत्येक फराटा दाखवतो, तेव्हा मधून मधून शेडमध्ये टॉर्च धरून बघत चला. मानेजवळची, स्क्रू टेकतात ती पट्टी कोरी सोडा. सॉल्व्हंटचे रंग पेट घेतात, म्हणून खिडक्या उघड्या आणि गॅस, निरांजन लांब.

ओव्हनमध्ये भाजायचे पाण्यातले ग्लास कलरही मिळतात. ते पूर्ण वाळवून, थंड ओव्हनमध्ये ठेवून, मग बाटलीवर लिहिलेल्या तापमानापर्यंत न्यायचे, आणि दार न उघडता आतच गार होऊ द्यायचे. नवी, लहान, साधी शेड असेल तरच हे करा. चिरा किंवा जोड असलेली काच भाजू नका.

शेड परत बसवताना स्क्रू बोटांनीच आवळा, पक्कड नको. पुढे पुसायला कोरडं मऊ फडकं पुरे. न भाजलेला रंग थिनर-स्पिरिटने सुटतो, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईला कुणी बाहेरचं माणूस येणार असेल, तर त्याला ही शेड आधी दाखवून ठेवा.