आधी थंड पाणी, शेवटी वाफ
(आरोग्याचे पान)



वर्षावास सुरू झाला की वस्तीत घरोघरी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. लहानशा खोलीत सतरंजी अंथरून शेजारपाजारची माणसे दाटीने बसतात. नेमका त्याच वेळी कोपऱ्यातून मांजराच्या मुताचा वास येऊ लागला की घरातल्या बाईला मान वर करवत नाही. धुतलेल्या जागेचा वास परत का येतो आणि तो कसा घालवायचा, ते आज समजून घेऊ.

वास परत का येतो?

कुत्र्या-मांजराच्या मुतात युरिया असतो, तसेच युरिक अॅसिड असते. युरिया पाण्याने निघून जातो. युरिक अॅसिडचे बारीक खडे मात्र पाण्यात सहज विरघळत नाहीत. ते गोधडीच्या धाग्यात, फरशीच्या सांध्यात अडकून राहतात. उन्हाळ्यात कोरडे असतात तोवर कळत नाही. पावसाळ्यात हवेतली ओल लागली की वास पुन्हा सुटतो. आपल्या आधी तो प्राण्याला कळतो आणि तो पुन्हा तिथेच मुततो.

वाफेच्या यंत्राची चूक आणि उपयोग

हल्ली काही घरांत वाफेने सफाई करायचे छोटे यंत्र आले आहे. आमच्यापैकी एकीने ते उसने आणून मांजराने ओली केलेली गोधडी थेट वाफवली. त्या दिवशी वास गेला. आठ दिवसांनी परत आला आणि पिवळा डाग कायमचा बसला. अंडे उकडले की त्यातला पांढरा भाग घट्ट होतो, पुन्हा पातळ होत नाही. तसेच मूत, ओकारी, विष्ठा यांतली प्रथिने उष्णतेने धाग्याला धरून बसतात. म्हणून कापडावरच्या ताज्या डागावर वाफ नको, कढत पाणी नको आणि इस्त्रीही नको.

डाग पूर्ण निघाल्यावर मात्र वाफ उपयोगाची आहे. मोरीचा कठडा, टाइल्सचे सांधे, लोखंडी खाटेच्या फटी येथे ती चांगले काम करते. खाटेतले ढेकूण आणि त्यांची अंडीही तिने मरतात; नळी मात्र फटीजवळ धरून अगदी सावकाश फिरवावी लागते.

डाग काढण्याचा क्रम

१. ओल टिपून घ्या. जुने सुती फडके किंवा वर्तमानपत्र दाबून धरा. घासू नका, घासल्याने डाग पसरतो.

२. थंड पाणी टाकून पुन्हा टिपा. असे दोन-तीनदा करा.

३. कपडे धुण्याच्या ज्या पावडरवर ‘एन्झाइम’ असे लिहिलेले असते ती साध्या पाण्यात कालवून डागावर लावा आणि काही तास ओली राहू द्या. प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात मूत्रडागांसाठी एन्झाइमचे खास द्रावण मिळते. युरिक अॅसिडचे खडे फोडायला ते जास्त चांगले. एन्झाइमला वेळ लागतो आणि उष्णतेने ते निकामी होते.

४. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा.

५. वास पूर्ण गेला याची खात्री झाल्यावरच, हवी असेल तर वाफ.

जुना डाग सापडत नसेल तर नोटा तपासायची जांभळी बत्ती अंधारात फिरवा. सुकलेले मूत तिच्या उजेडात चमकते.

व्हिनेगर कापडावर चालते. शहाबादी किंवा कडाप्पा फरशीवर ते टाकू नका. हे दगड चुन्याच्या जातीचे असतात, आंबट पदार्थाने खरखरीत होतात आणि मग डाग अधिक धरतात.

जिवाशी खेळ नको

वास जाईना म्हणून संडासचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतणाऱ्या घरांना आमची कळकळीची विनंती आहे: असे कधीही करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. साचलेल्या मुतात अमोनिया असतो. त्यावर थेट ब्लीच ओतले तरी घातक वायू तयार होतो. एका खिडकीच्या खोलीत दमा असलेल्या माणसाच्या किंवा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर सफाई तशीच सोडून सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या. दम लागत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

मांजराच्या घरात फिनेल वापरू नका. मांजर पाय चाटते आणि ते विष तिच्या पोटात जाते.

वाफेचे यंत्र इस्त्रीइतकी किंवा तिच्याहून जास्त वीज ओढते. ते लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावू नका. वाफ विजेच्या बटनांकडे वळवू नका आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. वाफेने खोल भाजते.

गरोदर बाईने मांजराची विष्ठा काढू नये. तिच्यात टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी असू शकतो आणि तो गर्भाला बाधतो. विष्ठा पडल्यापासून एक ते पाच दिवसांत तो लागण करण्याजोगा होतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज उचलावी आणि हात साबणाने धुवावेत.

प्राण्याला मारू नका

जागेवर मुतणारे मांजर एकाएकी घरभर मुतू लागले तर तो खोडसाळपणा समजू नका. मूत्रमार्गाचा आजार असू शकतो. बोका वारंवार बसतो आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. उशीर झाला तर तो दगावतो. पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. पोत्यात घालून मांजर लांब सोडून येणे त्यात बसत नाही.

शेवटी एक गोष्ट. घाण काढणे हे अमक्या जातीचे काम, असे या देशाने आपल्याला शतकानुशतके सांगितले. घराघरात तेच काम आता एकट्या बाईच्या गळ्यात पडते. अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, असे विनयपिटकात सांगितले आहे. तेव्हा पुढच्या वेळी मांजराने गोधडी ओली केली की फडके घरातल्या पुरुषाने आणि मुलग्यानेही हाती घ्यावे. क्रम वर दिलाच आहे.

जय भीम!