प्यायलेलं दूध पोटात फाटतं का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. पचनसंस्था आणि मिश्रणांचे प्रकार हे दोन्ही पाठ तिला यंदाच आहेत. दूध पिता पिता तिने विचारलं, "लिंबू पिळलं की दूध फाटतं. पोटातही आम्ल असतं. मग मी प्यायलेलं दूध आत फाटतं का?" सासूबाई म्हणाल्या, "फाटतं तर! म्हणूनच दुधावर आंबट खाऊ नये." मला नीट उत्तर देता आलं नाही. शिवाय दूध हे द्रावण, कलिल की निलंबन, यावरही आमच्या घरात एकमत नाही.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या मुलीने दोन वेगळ्या पाठांमधलं नातं स्वतःहून हेरलं, याबद्दल तिचं आधी कौतुक. तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे, हो, दूध पोटात फाटतं. रोज, प्रत्येकाच्या पोटात आणि आंबट खाल्लेलं नसतानाही.

हे का होतं ते कळायला दुधात काय काय आहे ते पाहू. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. त्यात दुग्धशर्करा म्हणजे लॅक्टोज आणि काही क्षार पूर्ण विरघळलेले असतात. एवढाच भाग पाहिला तर दूध हे द्रावण आहे. केसिन नावाचं प्रथिन मात्र विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म पुंजके पाण्यात तरंगत राहतात. ते इतके लहान असतात की तळाशी बसत नाहीत आणि साध्या गाळणकागदातूनही आरपार जातात. हे झालं कलिल. तिसरा घटक स्निग्धांश. त्याचे थेंब केसिनच्या पुंजक्यांपेक्षा मोठे असतात. एका द्रवात दुसऱ्या द्रवाचे थेंब पसरलेले असले की त्या प्रकाराला पायस म्हणतात. हे थेंब हळूहळू वर येतात, म्हणून तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरते. म्हणजे एकाच पेल्यात द्रावण, कलिल आणि पायस असं सगळं नांदतं. परीक्षेत एकच उत्तर लिहायचं असेल तर 'कलिल' लिहावं. दूध डोळ्यांना एकसारखं दिसतं, तरी ते विषमांगी मिश्रण आहे.

हे घरी तपासता येतं. काचेचे तीन पेले पाण्याने भरा. एकात मीठ विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका, तिसऱ्यात चिमूटभर माती ढवळा. खोलीत अंधार करून प्रत्येक पेल्यातून मोबाइलच्या टॉर्चचा झोत सोडा. मिठाच्या पाण्यात झोताची वाट दिसत नाही. दुधाच्या पाण्यात ती स्पष्ट उजळते, कारण कलिलाचे कण प्रकाश विखुरतात. पेल्याकडे बाजूने पाहिलं तर पाण्याला निळसर झाक दिसते आणि समोरून टॉर्चकडे पाहिलं तर तोच उजेड पिवळसर-नारिंगी दिसतो, कारण निळा प्रकाश जास्त विखुरला जातो. मातीचं पाणी तासाभराने पाहा, बरीचशी माती तळाशी बसलेली असेल. ते निलंबन.

आता फाटण्याकडे वळू. केसिनच्या पुंजक्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. आम्ल घातलं की हा भार नाहीसा होत जातो. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला की पुंजके एकमेकांना चिकटतात आणि चोथा व निवळी वेगळी होते. पनीर करताना पातेल्यात हेच होतं. उपाशी पोटी जठररसाचा सामू दीड ते दोनच्या घरात असतो, त्यामुळे दूध पोहोचल्यावर तिथेही हेच घडतं. शिवाय जठरातलं पेप्सिन हे विकर पुंजक्यांच्या पृष्ठभागावरचे धागे कापतं, त्यामुळे ते आणखी लवकर एकत्र येतात. वासराच्या पोटात या कामासाठी रेनिन नावाचं खास विकर असतं. माणसाचं शरीर ते बनवत नाही. आपल्याकडे आम्ल आणि पेप्सिन मिळूनच हे काम होतं.

याचा पुरावा ज्यांनी तान्हं बाळ सांभाळलंय त्या सगळ्यांनी पाहिला आहे. पाजल्यानंतर काही वेळाने बाळाने गुळणी टाकली तर त्यात दह्यासारख्या पांढऱ्या गुठळ्या असतात. दूध बाधलं म्हणून त्या होत नाहीत. पचन नेहमीसारखं सुरू झालंय, एवढाच त्यांचा अर्थ. (उलटी हिरवी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावं.)

फाटण्याचा फायदाही आहे. पातळ निवळी जठरातून लवकर पुढे सरकते. केसिनच्या गुठळ्या मात्र मागे राहतात आणि पेप्सिनला त्यांवर काम करायला वेळ मिळतो. दूध पाण्यासारखं वाहून गेलं असतं तर ही सवड मिळाली नसती.

अमेरिकेतल्या विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरांनी जठरातलं पचन जवळून पाहिलं. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो जगला, पण जठरापर्यंत गेलेलं भोक कायमचं उघडं राहिलं. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांस, पाव, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडत आणि तासातासाने ओढून पाहत. १८३३ साली त्यांनी आपली निरीक्षणं ग्रंथरूपाने छापली. कोणता पदार्थ जठरात किती वेळात पचतो, याचा तक्ता त्यात आहे. उकळलेल्या दुधापुढे दोन तास आणि कच्च्या दुधापुढे सव्वादोन तास असे आकडे दिले आहेत. हे सगळं एकाच माणसाच्या जखमेतून कळलं आणि त्यासाठी त्याने वर्षानुवर्षं त्रास सोसला, हेही मुलांना आवर्जून सांगावं.

राहिला सासूबाईंचा मुद्दा. दुधाबरोबर आंबट खाऊन कुणाला त्रास होत असेल तर त्याने ते टाळावं. अनुभवाचा मान राखावाच. पण 'पोटात दूध फाटेल' हे त्यामागचं कारण होऊ शकत नाही. जठरातलं आम्ल लिंबाच्या रसाहून कमी आंबट नसतं आणि दूध तिथे पोहोचलं की ते फाटणारच.

प्रश्न : पित्तरसात एकही विकर नसतं, तरी तो चरबीच्या पचनाला लागतो, असं पुस्तकात लिहिलंय. हे कसं?
— आठवीतला एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : पुस्तकात लिहिलंय ते बरोबर आहे. दुधात स्निग्धांश मुळातच बारीक थेंबांत विभागलेला असतो. सायीचं विरजण घुसळून लोणी काढलं की ते थेंब एकमेकांत मिसळतात आणि लोणी कढवलं की उरलंसुरलं पाणीही उडून जातं. म्हणून गरम वरणावर घातलेलं तूप तवंग धरून तरंगतं. चरबी तोडणारं लायपेज हे विकर पाण्यात काम करतं, चरबीच्या आत ते शिरू शकत नाही. जिथे चरबी आणि पाणी भिडतात त्या पृष्ठभागावरच त्याला काम करता येतं. अशा वेळी पृष्ठभाग वाढवणं हाच उपाय आणि तो पित्तरस करतो. तेलकट ताटावर भांडी घासायचा साबण जे करतो, तेच पित्तातले क्षार आतड्यात करतात. ते तवंगाचे बारीक थेंब करतात आणि ते थेंब पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत.

थोडा हिशोब करू. एक मिलिमीटर व्यासाचा तुपाचा एक थेंब घ्या. त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे थेंब केले तर ते १०० कोटी होतील. तूप तेवढंच राहील, पण त्याचा एकूण पृष्ठभाग हजारपट होईल. लायपेजला कामाची जागा हजारपट मिळाली.

पण एवढ्याने तूप पचलं का? नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८४० च्या दशकात हे सशात दाखवून दिलं. सशाची पित्तनलिका लहान आतड्यात सुरुवातीलाच उघडते, तर स्वादुपिंडाची नलिका एक फुटाहूनही जास्त अंतर पुढे उघडते. सशाला चरबी खाऊ घालून बेर्नार यांनी आतडं तपासलं. आतड्यात शोषलेली चरबी वाहून नेणाऱ्या लसवाहिन्या त्यांना दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या, पण फक्त दुसऱ्या नलिकेच्या पुढे. नुसतं पित्त मिळालं होतं त्या भागात त्या पांढऱ्या नव्हत्या. पित्ताने चरबी बारीक केली तरी तिचे रेणू तोडायला स्वादुरसातलं लायपेजच लागतं.

प्रश्न : मला दूध पचत नाही, पोट फुगतं. दही मात्र चालतं. असं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : त्याचं कारण बहुधा दुधातली साखर. लॅक्टोजच्या एका रेणूत ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडलेले असतात. लहान आतड्याच्या अस्तरातलं लॅक्टेज हे विकर ही जोडी तोडतं, तेव्हाच ती साखर रक्तात जाते. अनेकांमध्ये बालपण सरल्यावर लॅक्टेज कमी होत जातं आणि भारतात अशी माणसं पुष्कळ आहेत. न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू तयार होतो. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच वापरलेलं असतं. त्यांची विकरं आपल्या आतड्यातही थोडी मदत करतात. तरीही त्रास सारखा होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

गंमत अशी की लॅक्टोज हा दुधातला पूर्ण विरघळलेला भाग. विरघळणं म्हणजे पचणं असतं, तर सगळ्यात आधी तोच पचला असता. बार्शीच्या मुलीला आणि चिपळूणच्या मुलाला माझी हीच सूचना आहे. पचनाचा पाठ वाचताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारा : इथे पदार्थ नुसता बारीक किंवा वेगळा झाला, की त्याचा रेणू तुटला? दातांनी पोळी बारीक केली, पण तिच्यातला स्टार्च तोडायला सुरुवात केली लाळेने. आम्लाने केसिन निवळीपासून वेगळं केलं, ते तोडलं पेप्सिनने आणि पुढे स्वादुरसातल्या ट्रिप्सिनने. पित्ताने तुपाचे थेंब केले, ते तोडलं लायपेजने. पहिल्या प्रकारची कामं मिश्रणांच्या पाठात बसतात आणि दुसऱ्या प्रकारची रासायनिक बदलाच्या पाठात. पचनाला दोन्ही लागतात, पण अन्न शरीराला खरोखर मिळतं ते रेणू तुटल्यावरच.